भेदरट आणि गोडखाऊ

लग्न झालं त्या वर्षी मी उंदीर मारायच्या कामावर होतो. पंचायत समितीच्या शेती विभागात नोकरी होती. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, पुढच्या हंगामात ज्वारी बऱ्यापैकी पिकली होती, आणि पिकलेलं उंदरांच्या तोंडी जाऊ नये म्हणून गावोगाव मोहीम निघाली होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. जवळच्या गावांना मी सायकलच्या कॅरिअरला औषधाचा डबा बांधून जायचो, इंझोरीसारख्या लांबच्या गावांना एसटीनं.

माझी बायको वाशीमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मेडशीच्या एका प्राथमिक शिक्षकाची ती थोरली मुलगी. नागपूरला राहून एम.एस्सी. झालेली. आमच्या लोकांत छप्पन सालच्या धर्मांतरानंतर शिकणं वाढलं होतं खरं, पण एम.एस्सी. झालेली मुलगी सगळ्या पंचक्रोशीत ती एकच होती. मी शेतकी शाळेचा दोन वर्षांचा डिप्लोमा केलेला. तिनं मला का पत्करलं हे मी तिला बऱ्याचदा विचारलं. तुम्ही ऐकून घेता म्हणून, असं ती म्हणायची. यापेक्षा जास्त कधी सांगितलं नाही.

आम्ही एका टीनकाम करणाऱ्या मुसलमान चाचांच्या घरामागं भाड्यानं राहायचो. चाचांचं दुकान रस्त्याच्या अंगाला, आमच्या दोन खोल्या मागं, मधे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला टीनाची एक मोठी खोली. तिच्यात चाचांची तुटकी पिंपं पडलेली असायची. दिवसभर पत्रा ठोकायचा आवाज यायचा. तो आवाज थांबला की जेवायची वेळ झाली असं आम्ही समजायचो.

मोहिमेचं काम असं होतं. पहिले दोन दिवस बिळांच्या तोंडाशी नुसता ज्वारीचा भरडा ठेवायचा, गोडं तेल लावून. उंदीर सरावले की तिसऱ्या दिवशी त्याच भरड्यात विषाची काळी पूड मिसळायची. चौथ्या दिवशी सकाळी मेलेले उंदीर शेपटीला धरून गोळा करायचे आणि पुरायचे. लोक खूश व्हायचे. मात्र पंधरा दिवसांनी त्याच गावात परत गेलो की तक्रार ठरलेली. उरलेले उंदीर आता भरड्याला तोंडच लावत नव्हते.

माझ्या स्वतःच्या मायनंही तेच सांगितलं. ती रिठदला एकटीच राहायची, दोन एकर जमीन होती आणि घरात ज्वारीची कोठी. लग्नानंतर दुसऱ्यांदा आम्ही दोघं गेलो, तेव्हा ती कोठीला टेकून बसली होती.

"तुह्या सरकारचं औषध उंदरं वळखतात," माय मला म्हणाली. "पह्यल्या दिशी धा मेले. मंग एकानं बी तोंड नाई लावलं."

बायकोनं तिला समजावून सांगितलं. जे वाचले त्यांनी थोडंसंच खाल्लं असणार. त्यांचं पोट बिघडलं, ते आजारी पडले, पण जगले. आता ती चव जिभेला लागली की त्यांना नकोसं होतं. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून तो नवी वस्तू आधी जराशी चाखून बघतो आणि जे बाधलं ते विसरत नाही.

 मायनं विचारलं, "अन् त्यायचे पिल्लं? ते बी नाई खानार?"

बघावं लागेल, असं बायको म्हणाली. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. वाशीम यायच्या थोडं आधी ती म्हणाली की कॉलेजात चार वर्षं शिकून, दोन वर्षं नागपुरात शिकून जो प्रश्न तिला पडला नाही, तो आत्याबाईंना कोठीपाशी बसून पडला. माझ्या मायला ती आत्याबाई म्हणायची.

महिनाभरानं ती मला घेऊन नागपूरला गेली. तिला शिकवलेले एक प्राध्यापक होते, त्यांनी त्यांच्या प्रयोगशाळेतले सहा पांढरे उंदीर दिले. दोन नर, चार माद्या. कामाचं काही दिसलं तर मला लिहा, पीएच.डी.चं बघू, असंही ते म्हणाले. भोकं पाडलेल्या टीनाच्या पेटीत घालून आम्ही ते एसटीनं आणले. कंडक्टरनं पेटीकडे बोट दाखवून विचारलं तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, कॉलेजचं सामान आहे. ते खोटंही नव्हतं. पण अमरावती सोडल्यावर एका भोकातून गुलाबी शेपूट बाहेर आली आणि समोरच्या म्हाताऱ्या बाईला दिसली. म्हातारीनं लुगडं सावरलं आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. तिच्यामागं आणखी तिघं उठले. मागचा सगळा बाक आम्हाला मिळाला. बायको पेटीवर एक हात ठेवून माझ्या खांद्यावर झोपली. कारंजापासून वाशीमपर्यंत मी खांदा हलवला नाही. हात बधिर झाला होता. आजही एखाद्या दिवशी दुपारी डाव्या खांद्याला ते ओझं जाणवल्यासारखं होतं आणि मी हलत नाही.

चाचांनी टीनाची खोली रिकामी करून दिली. पिंजरे त्यांनीच केले. जाळी किती बारीक हवी, खालचा ट्रे बाहेर ओढता यायला हवा, पाण्याची नळी किती उंचीवर हवी, हे ती जमिनीवर खडूनं काढून दाखवायची आणि चाचा मान डोलवायचे. बाटल्या दवाखान्यातून आणलेल्या सलाईनच्या. उंदरांसाठी एवढं घर बांधणारा मी पहिलाच कारागीर असेन, असं चाचा आल्यागेल्याला सांगायचे. त्यांना त्याचा अभिमान होता.

तिची पद्धत मी लवकरच शिकलो. उंदराला काही तास पाणी द्यायचं नाही. मग दहा मिनिटं गोड पाणी द्यायचं, सॅकरिन घातलेलं. तहानलेला उंदीर ते मिटक्या मारत प्यायचा. लगेच त्याच्या पोटात एक इंजेक्शन द्यायचं, लिथियम क्लोराइड नावाच्या मिठाचं. थोड्या वेळानं उंदीर जमिनीला पोट चिकटवून पडून राहायचा, कान खाली, डोळे अर्धे मिटलेले. संध्याकाळपर्यंत बरा व्हायचा. तीन दिवसांनी त्याच्यापुढं दोन बाटल्या ठेवायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत गोड. कोणती किती संपली ते वजन करून बघायचं.

काही उंदीर गोड बाटलीकडे फिरकत नसत. नळीला नाक लागलं की मागं सरत आणि पुढच्या पायांनी तोंड पुसत राहत. काही थोडं प्यायचे. आणि काही असे, की जणू झालंच नाही काही, पुन्हा गोडच प्यायचे. जे सगळ्यात कमी प्यायचे त्यांची जोडी तिनं एका बाजूला लावली, जे सगळ्यात जास्त प्यायचे त्यांची दुसऱ्या बाजूला. पिल्लं मोठी झाली की त्यांचीही तीच परीक्षा, आणि पुन्हा तशाच जोड्या. भिंतीच्या डाव्या अंगाला एक वंश, उजव्या अंगाला दुसरा. माय एकदा आली तेव्हा तिनं दोन्हींकडे बघून त्यांना नावं दिली. डावे भेदरट, उजवे गोडखाऊ. बायको आधी हसली, मग तीही तेच म्हणू लागली. फक्त उजव्यांना कुणी बावळट म्हटलेलं तिला चालत नसे. तेही तेवढेच आजारी पडतात, म्हणायची. फक्त दुखण्याचा आणि चवीचा मेळ त्यांना लागत नाही.

मी तोवर शेकडो मेलेले उंदीर हातांनी उचलले होते. जिवंत उंदीर हातात घेतला तो त्या खोलीत, पहिल्यांदा. तिनं माझ्या मुठीत एक मादी ठेवली आणि सांगितलं, आवळू नका, फक्त धरा. तिचं काळीज माझ्या अंगठ्याखाली इतक्या वेगानं उडत होतं की मला ती खाली ठेवावीशी वाटेना. त्यानंतर मोहिमेवर जाणं मला जड जायला लागलं. नोकरी होती, मी जात राहिलो. पण चौथ्या दिवशीचं सकाळचं काम मी होईल तेव्हा दुसऱ्या कुणावर सोपवायचो.

दिवसभराची कामं आटोपली की संध्याकाळी पाच ते सात आम्ही त्या खोलीत असायचो. मी तराजूशी, ती पिंजऱ्यांशी. ती बाटली काढून माझ्याकडे द्यायची, मी वजन सांगायचो, ती लिहायची. दुसरं बोलणं फारसं नसे. "हं," ती म्हणायची, म्हणजे पुढचं सांगा. त्या "हं"मध्ये तिची मनःस्थिती मला कळायची. माझ्या सगळ्या आयुष्यात मी कुणाचं इतकं लक्षपूर्वक ऐकलं नाही.

चौथ्या पिढीत फरक उघड दिसू लागला. डावीकडची बहुतेक पिल्लं एकाच अनुभवात गोड पाणी सोडायची. उजवीकडची बहुतेक प्यायची. त्या संध्याकाळी तिनं वही मिटली, अंगणात गेली आणि चाचांच्या शेळीच्या गळ्यात हात घालून उभी राहिली. 

त्याच रविवारी आम्ही रिठदला गेलो. मायला उत्तर द्यायचं होतं. बायकोनं तिच्यासमोर मांडी घालून सांगितलं, तिच्याच बोलीत, कारण मेडशीची बोलीही तीच.

"पिल्लायले ते चव नकोशी होऊन जन्मत नाई, आत्याबाई. पह्यल्यांदा सारेच पेतात. पन भेदरटायचे पिल्लं एकदा दुखलं की लवकर शिकतात. गोडखाऊयचे नाई शिकत. माय-बापाचं दुखनं पोरायले येत नाई. ते किती झटकन शिकाचं, तेवढं येते."

मायनं ते दोनदा समजून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग मी बुंदी खात नाई, हा काहून खात नाई?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. माय आठ-नऊ वर्षांची असताना गावातल्या एका मोठ्या घरी लग्न होतं. पंगती उठल्यावर उरलेलं अन्न आमच्या वस्तीत वाटायचे. तिसऱ्या दिवशी बुंदी आली, आंबलेली. मायनं आणि तिच्या धाकट्या भावानं ती पोटभर खाल्ली, कारण गोड म्हणून तेवढंच मिळायचं. दोघंही आजारी पडली. माय वाचली, भाऊ गेला. तेव्हापासून बुंदीचा वास आला तरी तिच्या पोटात ढवळायचं. आमच्या घरात बुंदी कधी आलीच नाही. लग्नाकार्यात माझ्या पत्रावळीवरून माय मुकाट्यानं बुंदी काढून घ्यायची आणि बाजूला ठेवायची, आणि मी समजून होतो की मला बुंदी आवडत नाही.

हे सांगताना मायचा आवाज बदलला नाही. बायकोनं तिचा हात हातात घेतला होता.

वाशीमला उतरल्यावर बायको स्टँडाजवळच्या हलवायाकडे गेली आणि कागदात बांधून थोडी बुंदी घेऊन आली.  घरी चुलीपाशी बसून तिनं पुडी सोडली आणि एक चिमूट माझ्यापुढं धरली. मला वाटलं मला उमळून येणार. काही झालं नाही. मऊ होती, वेलदोड्याचा वास होता, बोटं चिकट झाली. तीस वर्षांचा माणूस मी, आणि मला रडू आलं. तिनं पुडी परत बांधून फळीवर ठेवून दिली. आत्याबाईंना सांगू नका, एवढंच म्हणाली.

पुढं लवकरच तिला दिवस गेले. त्यानंतर तिला उंदरांच्या खोलीत जाता येईना. भुशाचा आणि मुताचा तो वास तिला सहन होत नसे. मग ती दाराबाहेर चटई टाकून बसायची आणि मी आतून वजनं सांगायचो. चौथ्या पिढीची उशिरा झालेली पिल्लं अजून तपासायची होती, म्हणून इंजेक्शन द्यायलाही मीच शिकलो. पहिल्या दिवशी मला इतका वेळ लागला की तिनं बाहेरून हाक मारून विचारलं, झालं का. झालं, म्हणालो. झालं नव्हतं. उंदीर माझ्या हातात तसाच होता. मग मी मनात तिचंच, आवळू नका, फक्त धरा, असं म्हणत सुई टोचली. पुढं सरावलो.

सातव्या महिन्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली. इतकी लहान की तिला गुंडाळायला माझा गमछा पुरला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. आम्ही तिला रिठदला आमच्या शेताच्या धुऱ्यापाशी, बांधाला लागून पुरलं. माय आणि मी, आणि चाचा. चाचा दुकान बंद करून आमच्याबरोबर आले होते, आणि खड्ड्यात माती त्यांनी माझ्याआधी लोटली. बायको तेव्हा दवाखान्यातच होती. तिनं मुलीला एकदाच पाहिलं होतं.

तिचे वडील येऊन तिला मेडशीला घेऊन गेले. मी वाशीमला राहिलो. कुणीतरी उंदरांना दाणा घालायला हवा होता. खरं सांगायचं तर मला त्या खोलीशिवाय दुसरीकडे बसवत नव्हतं. पाचव्या पिढीची पिल्लं नुकतीच आईपासून वेगळी केली होती. मी रोज पाचला जाऊन पाणी बदलायचो, वजन करायचो, आणि वजन मोठ्यानं सांगायचो. पलीकडून "हं" यायचं नाही. तरी सांगायचो.

वीसएक दिवसांनी तिचं पहिलं पत्र आलं. मी तेव्हा ट्रे धूत होतो. भेदरटांची पिल्लं एका बादलीत, गोडखाऊंची दुसऱ्या बादलीत ठेवली होती. एरवी प्रत्येकाच्या पाठीवर जांभळ्या शाईची खूण असायची, पण ती पुसट झाली होती आणि नवी करायची राहिली होती. चाचांनी अंगणातून आवाज दिला, "बेटा, मेडशी से चिठ्ठी आई." मी उठलो तो पाय लागून दोन्ही बादल्या कलंडल्या.

मी आधी दार लावलं. मग पिल्लं पकडली. सोळा होती, सोळाच्या सोळा मिळाली. पण सगळी एकसारखी पांढरी. बराच वेळ मी त्यांना उलटसुलट करून बघत होतो. ज्यांच्या पाठीवर जांभळा डाग अजून कळत होता अशी सहा निघाली. बाकीची दहा मी अंदाजानं वाटली, पहिल्यासारखी एकूण आठ डावीकडे आणि आठ उजवीकडे होतील अशी, आणि ताज्या शाईनं खुणा केल्या. मग पत्र उघडलं. त्यात चारच ओळी होत्या. पुढच्या आठवड्यात येते. तुम्ही जेवता का नीट. आत्याबाईंना नमस्कार सांगा. पिल्लं कशी आहेत.

ती आली तेव्हा वाळली होती. पहिले काही दिवस घरातच पडून असायची. मग एका संध्याकाळी पाच वाजता आपणहून उठली आणि खोलीत गेली. वास? मी विचारलं. आता काही वाटत नाही, ती म्हणाली. त्या क्षणी मी तिला पिल्लांचं सांगायला हवं होतं. ती पिंजऱ्यांसमोर उभी होती, एकेकाला नावानं हाक मारावी तशी बघत होती. मी तराजूशी जाऊन बसलो.

तिनं पाचव्या पिढीची परीक्षा घेतली. आकडे विस्कटलेले आले. डावीकडचे काही पीत होते, उजवीकडचे काही सोडत होते. तिनं पुन्हा घेतली. पुन्हा तेच. त्यानंतर दोन दिवस ती वही समोर घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिनं नागपूरच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं की चौथ्या पिढीत जो फरक दिसला तो योगायोग असावा, तो टिकला नाही, आणि पीएच.डी.साठी हा विषय आपण सोडून देत आहोत. पत्र पेटीत टाकून आली आणि भाजी निवडायला बसली. अंबाडीची भाजी होती. पानं वेगळी काढता काढता ती म्हणाली की तिच्या हातून काहीच जगत नाही.

तेव्हा मी सांगितलं. बादल्या, शाई, पत्र, सगळं.

तिनं निवडणं थांबवलं. "मले काहून नाई सांगतलं?"

"तू येऊन राह्यली होती. आनखी एक मोडलेली गोष्ट तुले दाखवाची हिंमत नाई झाली."

तिनं भाजी बाजूला सारली. उठून खोलीत गेली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला काही बोलेल, आणि ते मला चाललं असतं. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली. ती खाली बसली होती, सोळा पिंजरे पुढं ओढून. कोणती सहा ओळखली होती, ते तिनं विचारलं. मी दाखवली. त्या सहांचे आकडे तिनं वहीत शोधले. सहाही आपापल्या वंशाला शोभेल असेच वागले होते.

"पाहा," ती म्हणाली. "हे सांगून राह्यले, कोन कोनाचं हाय ते."

मग तिनं बाकीच्या दहांची ओळ लावली. ज्यांनी गोड पाणी टाकलं ते एका बाजूला, जे प्यायले ते दुसऱ्या बाजूला. फरक होता. पुरता होता. तिचा चौथ्या पिढीचा निकाल खरा होता. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा मी तिच्या चेहऱ्यावर रंग पाहिला. मी म्हणालो, मग झालं, असंच लिहून टाक. तिनं मान हलवली. अशी वाटणी शोधनिबंधात चालत नाही, म्हणाली. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच परीक्षेवरून त्याचं घराणं ठरवायचं नसतं. तिनं दुसरं पत्र लिहिलं आणि झालेलं सगळं जसंच्या तसं कळवलं. चूक कुणाची ते लिहिलं नाही. पिल्लं मिसळली गेली, एवढंच.

प्राध्यापकांचं उत्तर चांगलं आलं. विषय उत्तम आहे, सोडू नका. मात्र वंश शुद्ध हवेत, पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. नागपूरला या, इथं जागा देतो, चार वर्षं लागतील.

ते पत्र तिनं मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि म्हणालो, जा. मी सायकलची साखळी बसवत होतो. वर न बघता म्हणालो. तिनं पत्र घडी करून ठेवलं. एकदा तरी मी साखळी खाली ठेवून, तिच्याकडे बघून "जा" म्हणायला हवं होतं. त्यानंतर कितीतरी वेळा मी ते मनात म्हटलं आहे, नीट, तिच्या डोळ्यांत बघून. तेव्हा आमच्या दोघांच्या मधे ती रिठदची, धुऱ्यापाशीची जागा होती आणि मला घर रिकामं नको होतं. तिला ते कळलं असणार. ती माझं न बोललेलंही ऐकायची.

ती गेली नाही. पुढच्या वर्षी कॉलेजातली तिची जागा पीएच.डी. झालेल्या दुसऱ्याला मिळाली आणि ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. आम्हाला मुलगा झाला. उंदरांच्या जोड्या लावणं तिनं बंद केलं, पण एकाही उंदराला मारू दिलं नाही. डावे-उजवे सगळे आपापल्या पिंजऱ्यात म्हातारे झाले आणि एकेक करून गेले. शेवटची एक मादी राहिली होती, गोडखाऊंतली. तिला आम्ही रोज थोडं सॅकरिनचं पाणी द्यायचो, बिनइंजेक्शनचं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात तीही गेली. नंतर माझी बदली झाली आणि आम्ही वाशीम सोडलं.

शाळेत ती सुखी होती का, मला ठाऊक नाही. तिच्या विद्यार्थिनी अजून मला रस्त्यात थांबवतात आणि तिच्याविषयी बोलतात, तेव्हा वाटतं, होती. कपाट आवरताना कधी ती जुनी वही हाती लागली की ती उभ्या उभ्याच दोन-चार पानं वाचायची. मी खोलीत आलो की मिटायची. तिला जाऊन आता चार वर्षं झाली. झोपेत गेली, त्रास झाला नाही.

मागच्या हिवाळ्यात मुलानं मला गाडीनं वाशीमवरून नेलं. मी त्याला त्या गल्लीत थांबायला सांगितलं. टीनाचं दुकान नव्हतं. तिथं सिमेंटचं दुमजली घर होतं आणि दारात चाचांचा नातू उभा होता, पन्नाशीचा. त्यानं मला ओळखलं नाही, तरी खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हणालो, आम्ही इथं मागं राहायचो, तुमच्या आजोबांच्या वेळी.

"आम्ही म्हणजे कोण कोण?" त्यानं सहज विचारलं.

मी म्हणालो, माझी बायको आणि मी. ती प्राणिशास्त्राची होती. इथं मागं तिची प्रयोगशाळा होती. एवढं बोललो आणि पलीकडून "हं" येईल म्हणून थांबलो. तो भला माणूस माझ्यासमोर बसून राहिला. मुलानं माझ्या हातातला निवलेल्या चहाचा कप काढून घेतला.